दुकानातील बंदूक आणि नकाराचा अधिकार

(मूल येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज मी धानाच्या भावाविषयी बोलावे अशी योजकांची अपेक्षा होती. तो विषय माझ्या आवडीचा आहे आणि मूलसारख्या भातगिरण्यांच्या गावी तो कधीच शिळा होत नाही. परंतु गेल्या महिन्याच्या बैठकीत वैनगंगेकाठच्या एका तरुण साथीने जो प्रश्न उपस्थित केला, त्याने माझी झोप उडवली आहे. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी विषय बदलला.

त्या साथीचे म्हणणे थोडक्यात असे होते. रेतीच्या बेकायदा उपशाविरुद्ध आपले कार्यकर्ते अर्ज करतात. ज्याचे टिप्पर चालतात तो माणूस धमकीची चिठ्ठी पाठवीत नाही, कोणाला शिवीही देत नाही. गावातल्या हॉटेलात तो शर्ट थोडा वर सरकवून बसतो, एवढेच. कमरेचे पिस्तूल चहा पिणाऱ्या प्रत्येकाला दिसते. दुसऱ्या दिवशी अर्जावरच्या सह्या कमी होतात. तेव्हा आपल्याही दोन-चार कार्यकर्त्यांनी रीतसर परवाने काढावेत, त्याच हॉटेलात तसेच बसावे, आणि दिसू द्यावे आपलेही. या सूचनेवर टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्यांच्या विरोधात बोलायला उभा आहे. पण ज्या भीतीतून ती सूचना आली तिच्या विरोधात नाही. ती भीती खरी आहे, आणि ती मलाही ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या एका धाब्यावर मी जेवत होतो. उन्हाळ्याचे दिवस होते आणि पंख्याखालची एकच खुर्ची माझ्या नशिबी आली होती. चार माणसे आली. त्यांतल्या एकाने बसण्यापूर्वी कमरेचे पिस्तूल काढून टेबलावर, पाण्याच्या जगाशेजारी ठेवले. कदाचित बसताना टोचत असेल. त्यांनी माझी खुर्ची मागितली. मी मुकाट्याने उठून दिली. जेवण झाल्यावर मालकाने त्यांच्याकडे बिल मागितले नाही. आणि मी? माझे सुटे पैसे घ्यायचे राहिले. विसरलो असे घरी सांगितले. खरे कारण असे की ते गल्ल्यापाशी उभे होते आणि मला तिकडे जावेसे वाटले नाही.

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना शिकवले की सौदा हा दोन माणसांच्या संमतीने होतो, आणि संमतीला अर्थ तेव्हाच असतो जेव्हा दोघांनाही ‘नाही’ म्हणून उठून जाता येते. अर्थशास्त्राची पुस्तके हे पहिल्या प्रकरणात गृहीत धरतात आणि पुन्हा त्याकडे वळून पाहत नाहीत. त्या धाब्यावर पाच-दहा मिनिटांत तीन हस्तांतरणे झाली : माझी खुर्ची, मालकाचे बिल, माझे सुटे पैसे. एकाचीही किंमत चुकती झाली नाही. एकही गोळी सुटली नाही, कोणी कोणाला दरडावले नाही. फौजदाराकडे जाऊन मी कसली तक्रार नोंदवणार होतो? पंख्याची? दुकानात उघडपणे मिरवलेल्या शस्त्राचे काम नेमके हेच असते. ते चालवावे लागत नाही; समोरच्याचा नकार ते महाग करून ठेवते. आणि ज्या समाजात नकार महाग होतो तिथे मजुरी, भाव, भाडे, मत, अर्जावरची सही, सगळ्यांचे दर बदलतात.

हा आपल्या जिल्ह्याबाहेरचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. २०२४ च्या जुलैत बल्लारपुरात एका कापड दुकानावर पेट्रोल बॉम्ब फेकले गेले आणि गोळीबार झाला. त्याच महिन्यात चंद्रपूर आणि राजुऱ्यातही गोळ्या झाडल्या गेल्या. ऑगस्टमध्ये चंद्रपूर शहरात हॉटेलात बसलेल्या एका माणसाचा गोळ्या घालून खून झाला. कोळसा, रेती आणि दारू यांच्या पैशावर वाढलेल्या टोळ्या प्रत्येक औद्योगिक जिल्ह्यात असतात, तशा आपल्याकडेही आहेत. पण माझे लक्ष खुनांपेक्षा त्यांच्या आधीच्या अवस्थेकडे आहे : जेव्हा पिस्तूल फक्त दिसते आणि सगळे जण न दिसल्यासारखे करतात.

बीड जिल्ह्याने ती अवस्था महाराष्ट्राला दाखवली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अपहरण करून अमानुष मारहाणीत खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असे तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे. तो खून बंदुकीने झाला नव्हता. परंतु त्यानंतर लोकांनी जिल्ह्याकडे पाहिले तेव्हा कळले की एकट्या बीडमध्ये बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत. तरुण मुले कमरेला पिस्तूल लावून फिरतात, हवेत गोळ्या झाडतात आणि त्याची चित्रे मोबाइलवरून गावभर पसरवतात. बोभाटा झाल्यावर प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. म्हणजे ते आधीही रद्द करता आले असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्या कार्यकर्त्यांत याविषयी बरेच गैरसमज आहेत. परवाना म्हणजे मिरवण्याची मुभा नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली २०१६ साली जे नियम झाले, त्यांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक आवरणातच असली पाहिजे आणि ती कोणावर रोखणे किंवा परजणे निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. लग्नात, मिरवणुकीत आनंदाने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा तोकडा नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७ वे कलम तर तुम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. त्याखाली जिल्हादंडाधिकारी बंदुका, तलवारी, भाले आणि लाठ्याकाठ्या घेऊन फिरण्यास मनाई करू शकतो, आणि त्याच कलमाखाली जमावबंदीही करू शकतो. आपला अनुभव असा की मोर्चा निघायचा असला की जमावबंदीची प्रत तत्परतेने हाती पडते. त्याच आदेशातली शस्त्रबंदी हॉटेलातल्या पिस्तुलापर्यंत पोहोचताना मात्र वाटेत थकते.

आपल्या चळवळीला या प्रश्नाचा इतिहास आहे, आणि तो एकरेषी नाही. १८७८ चा शस्त्रकायदा लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झाला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती आणि गोऱ्याला सूट, असा तो उघड पंक्तिप्रपंच होता. ज्या जिल्ह्याने १८५८ साली बाबूराव शेडमाके यांना चांद्याला फासावर जाताना पाहिले, त्याला निःशस्त्रीकरणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, जो ठराव आपण मूलभूत उद्योगांवरील सरकारी नियंत्रणासाठी आदराने आठवतो, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही होता. हे आपण सहसा सांगत नाही. १९४८ च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती संविधान सभेत मांडली. हे कामत पुढे प्रजासमाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले, म्हणजे आपलेच. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांच्या उत्तराचा आशय असा की असा मूलभूत हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल. आणि आग्रह धरायचाच तर तो व्यक्तीच्या शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नव्हे, तर देशावर प्रसंग आला असता शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याचा धरावा. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आज जो एकत्र जमण्याचा हक्क आहे, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे. ते एक विशेषण काढून टाका आणि मग आपल्या ग्रामसभेचे काय होईल याची कल्पना करा. ज्याच्या कमरेला शस्त्र आहे तो हात वर करील तेव्हा बाकीचे हात किती वेळ खाली राहतील?

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. तिथे शस्त्र बाळगणे घटनादत्त हक्क आहे आणि अनेक राज्यांत ते उघडपणे कमरेला लावून दुकानात, खानावळीत जाता येते. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला पिस्तूल असे उघडे बाळगता येऊ लागले. १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याचीही अट उरली नाही. याचे समर्थक म्हणतात, उघडे शस्त्र हे प्रामाणिक शस्त्र असते. चोराला ते दुरून दिसते आणि तो जवळ येत नाही. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण गिऱ्हाइकाने काय समजायचे? शेजारच्या टेबलावरचा बंदूकधारी सज्जन आहे की नाही हे कळायला त्याच्यापाशी एकच मार्ग असतो, आणि तो मार्ग कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तेव्हा शहाणा माणूस दोघांपासूनही दूर जातो. ही गोष्ट तत्त्वज्ञांच्या आधी भांडवलदारांना कळली. स्टारबक्स या कॉफीच्या दुकानांच्या कंपनीने २०१३ साली गिऱ्हाइकांना जाहीर विनंती केली की बंदुका आत आणू नका. वॉलमार्टच्या एल पासो येथील दुकानात ३ ऑगस्ट २०१९ रोजी एका माणसाने केलेल्या गोळीबारात २३ जणांचे प्राण गेले. पुढच्या महिन्यात त्या कंपनीनेही उघडी शस्त्रे आणू नका असे सांगितले आणि पिस्तुलांच्या काडतुसांची विक्री थांबवली. शिकारीच्या बंदुका ती विकतच राहिली. नफ्याला विवेक नसतो, परंतु गिऱ्हाईक घाबरले की गल्ला घाबरतो, एवढे शहाणपण त्याला असते.

अमेरिकेतलीच आणखी एक हकीकत आपल्या तरुण साथीने मन लावून ऐकावी. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन पोलिसांच्या अत्याचारावर पाळत ठेवीत असत. तसे करणे तेव्हा तिथे कायदेशीर होते. शस्त्रबंदीचे विधेयक आले तेव्हा २ मे रोजी ते बंदुकांसह राज्याच्या विधिमंडळात शिरले. त्यानंतर काही आठवड्यांतच भरलेले शस्त्र उघडपणे बाळगण्यावर बंदी आली, आणि त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. हक्क कागदावर सर्वांचा असतो. गरिबाने तो वापरायला घेतला की लगेच कायद्याला सुरक्षिततेची आठवण होते. आपल्या साथीने परवान्यासाठी अर्ज केला तर चौकशी कोण करणार, त्याच्यावरचे आंदोलनाचे गुन्हे कोण मोजणार, आणि रेतीवाल्याच्या अर्जावर शिफारस कोणाची असणार, हे मी सांगायला नको. शस्त्रांच्या स्पर्धेत जो पैशाने मोठा तोच पुढे राहतो. त्याच्या एका पिस्तुलाला आपण दुसऱ्याने उत्तर दिले तर तो तिसरे आणील, चार माणसे ठेवील. आपण कर्ज काढू.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे आणि ती मी टाळणार नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी १९९५ साली जे नियम झाले, त्यांच्या तिसऱ्या नियमात अत्याचारप्रवण भागासाठी दोन उपाय आहेत. त्या भागातील इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करणे, हा एक. आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने देणे, हा दुसरा. मग दुसऱ्या उपायाला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? ज्याच्या वस्तीवर रात्री हल्ला होतो त्याला सत्याग्रहाचे प्रवचन देण्याचा अधिकार पेन्शनवर जगणाऱ्या प्राध्यापकाला नाही. मी नाही म्हणत नाही. पण त्या नियमाचा क्रम पाहा : आधी बलवानाचे शस्त्र काढून घ्या, असे तो म्हणतो. हा पहिला उपाय आपण कधी मागितला का? किती निवेदनांत? शिवाय घराच्या रक्षणासाठी घरात ठेवलेले शस्त्र आणि हॉटेलात दाखवायला नेलेले शस्त्र या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिले दार राखते, दुसरे दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते.

हाच भेद शेतकऱ्याला लागू आहे. रानडुकरांनी धान लोळवले की बंदुकीचा परवाना मागणारे शेतकरी मूल, सिंदेवाही, सावलीत मला भेटतात. १९५९ च्या अधिनियमातच पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती बंदूक बांधावरच्या मचाणाची. तिला बाजारात काम नाही. आणि भीतीचेच माप लावायचे तर २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या तावडीत सापडून गेल्या. त्यांच्या हाती काय होते? पाने बांधायचा दोर. या जिल्ह्यात ज्यांच्या जिवाला रोज खरा धोका आहे ते बिनशस्त्र आहेत, आणि ज्यांच्या कमरेला पिस्तूल आहे ते पंख्याखाली बसले आहेत.

वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत बंदुकीने बाजारात बसण्याचा जेवढा प्रदीर्घ प्रयोग झाला तेवढा महाराष्ट्रात कुठेच झाला नाही. १९८० साली नक्षलवाद्यांची दले आली. तेंदूपानाच्या शेकडा पुड्यांचा दर कंत्राटदार ठरवीत असे. त्यात बंदुकीने हात घातला आणि दर वाढले. आदिवासी मजुराच्या हाती चार पैसे अधिक आले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण समाजवादी तेव्हा तिथे पुरेसे नव्हतो, हेही तितकेच खरे. पण दर ठरवणारी बंदूक दर ठरवून निघून गेली नाही. ती कंत्राटदाराकडून आपला वाटा घेऊ लागली, मग खबऱ्या कोण हे ठरवू लागली, मग गावातल्या माणसालाच रात्री उठवून नेऊ लागली. तिच्यामागे सरकारची बंदूक आली. आठवडी बाजारात मीठ-मिरची घेणाऱ्या बाईच्या एका बाजूला ओळख न सांगणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला गणवेशातला जवान, आणि तिने दोघांनाही ‘नाही’ म्हणायचे नाही, अशी दोन पिढ्यांची गत झाली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. पंचेचाळीस वर्षांचा हिशेब मांडायला स्वतंत्र भाषण लागेल.

त्याच मुदतीत त्याच जंगलात, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने काय केले? सर्वसहमतीशिवाय निर्णय नाही, असा ग्रामसभेचा नियम केला. अभ्यासगट बसवले. वनहक्क कायदा आल्यावर २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि बांबू वाहतुकीचा परवाना वनखाते देईना तेव्हा अडून बसून २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्र्यांच्या उपस्थितीत तो ग्रामसभेच्या हाती घेतला. बांबूचा भाव पुढे गावाने ठरवला. त्यांचे हत्यार म्हणजे इतिवृत्ताची वही. वेळ किती लागला म्हणाल, तर वीस वर्षे. घाई असणाऱ्याला हे आवडत नाही, मलाही पूर्वी आवडत नसे.

सरकारच्या बंदुकीविषयी एकच गोष्ट सांगतो. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये आपल्याच पक्षाचे सरकार होते आणि त्याच्या पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. पक्षाचे सरचिटणीस असलेल्या लोहियांनी आपल्याच मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. तो मिळाला नाही; पक्ष पुढे फुटला. त्या फुटीची हळहळ आजही करणारे ज्येष्ठ आहेत. मीही करतो. तरी ज्या पक्षाने स्वतःच्या सरकारच्या बंदुकीबद्दल एवढी किंमत मोजली, त्याचा कार्यकर्ता चहाच्या टेबलावर पिस्तूल ठेवून बसला तर तो कोणाच्या वारशावर बसेल?

आता करायचे काय? धाब्याच्या मालकाने त्या दिवशी ‘हत्यार गाडीत ठेवून या’ असे का म्हटले नाही? कारण तो एकटा होता. एकट्याने म्हटले तर त्याचे दुकान जाळले जाईल, आणि शेजारचा मुकाट राहून गिऱ्हाईक घेईल. मजुरीच्या दराचे जे शास्त्र आहे तेच इथे आहे : एकट्याचा नकार महाग, सर्वांचा स्वस्त. म्हणून मूलमधील हॉटेलवाले, किराणा दुकानदार, भातगिरणीवाले आणि आठवडी बाजारात बसणारे भाजीवाले यांची एकत्र बैठक आपण बोलवावी आणि एकाच दिवशी सगळीकडे एकच पाटी लागावी की शस्त्र घेऊन आत येऊ नये. पाटीवर पक्षाचे नाव नको. ते आपल्याला खटकेल, पण नको. जिल्हाधिकाऱ्यांकडे माहिती मागावी की तालुकावार किती परवाने आहेत, कोणत्या कारणासाठी दिले, निवडणुकीच्या काळात किती शस्त्रे जमा झाली आणि किती राहिली. रेतीघाटाच्या व्यवहारात गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने रद्द करावेत अशी लेखी मागणी करावी. हॉटेलात पिस्तूल दिसले तर तारीख, वेळ लिहून ठेवावी आणि तक्रार एकट्याने नव्हे, पंधरा जणांनी सही करून द्यावी. दखल घेतली नाही तर ३७ व्या कलमाच्या आदेशाची प्रत घेऊन पोलीस ठाण्यासमोर बसावे. विनाशस्त्र अर्थातच.

ज्या तरुण साथीच्या प्रश्नाने हे सारे सुरू झाले तो मागच्या रांगेत बसला आहे आणि त्याचे समाधान झालेले दिसत नाही. पहिल्या तक्रारीवर पहिली सही माझी घ्या, असे मी त्याला आताच सांगतो. त्या हॉटेलात त्याच्याबरोबर चहाला बसायलाही मी येईन. पंख्याखालची खुर्ची या वेळी सोडीन की नाही ते तिथेच कळेल. बाकीचे प्रश्न जेवणानंतर घेऊ.